तांब्याचं गाव

पहिला दिवस : शुक्रवार

पहाटे साडेपाचला मी दशम्या लाटायला घेतल्या तेव्हा लेक डोळे चोळत स्वयंपाकघरात आली. "आई, वाटेत सगळं मिळतं गं," म्हणाली. मिळतं हे मलाही ठाऊक होतं. पण वाईच्या शाळेत तेहतीस वर्षं भूगोल शिकवला, दर हिवाळ्यात मुलांची सहल काढली, आणि प्रत्येक सहलीला डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. डबा भरल्याशिवाय प्रवासाला निघाल्यासारखं मला वाटतच नाही.

आम्ही अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात चँडलरला, म्हणजे फिनिक्सच्या आग्नेयेला, लेकीकडे येऊन पाच आठवडे झाले होते. दिवाळी इथेच झाली. लेक-जावयाला सुट्टी नव्हती, तेव्हा आम्ही दोघांनीच तीन दिवस उत्तरेच्या डोंगरांत फिरून यायचं ठरवलं. यांनी निघण्यापूर्वी साताऱ्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणला होता. आल्यापासून रोज संध्याकाळी जावई शेजारी बसून यांना रस्त्याच्या उजव्या बाजूनं गाडी चालवायचा सराव देत होते. सहासष्टाव्या वर्षी हे इतक्या शांतपणे नव्यानं शिकले, त्याचं मला फार कौतुक वाटलं.

फिनिक्स मागे पडलं की आंतरराज्य महामार्ग १७ हळूहळू वर चढू लागतो, आणि दोन्ही बाजूंना सग्वारो दिसायला लागतात. सग्वारो म्हणजे हात वर करून उभा असलेला तो उंच निवडुंग. चित्रात पाहिलेला, पण टेकड्यांच्या टेकड्या त्यानं भरलेल्या पाहणं वेगळं. एका ठिकाणी विसाव्याला थांबलो तेव्हा मी अगदी जवळ जाऊन पाहिलं. त्याच्या अंगाला उभ्या चुण्या असतात, पेटीच्या भात्यासारख्या. पाऊस पडला की भाता उघडतो, झाड पाणी पिऊन फुगतं, आणि मग महिनोन्‌महिने पुन्हा हळूहळू मिटत जातं. पहिल्या आठ-दहा वर्षांत ते जेमतेम बोटाच्या पेराएवढं वाढतं. पहिला हात फुटायलाच पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागतात. लहानपणी ते एखाद्या पालो वेर्दे किंवा मेस्किटच्या सावलीत वाढतं, त्या झाडांना इथे दाईच म्हणतात. मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण. पायाशी फड्या निवडुंग होता, पलीकडे घायपात होतं. आमच्या माणदेशातल्या बांधावरची ही मंडळी मूळची याच अमेरिका खंडांतली. शाळेत कितीदा सांगितलं असेल, पण त्यांच्या माहेरी येऊन त्यांना पाहिलं तेव्हा गळा दाटून आला. यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "ओळखीचे भेटले."

चढ संपत आला तसे सग्वारो एकदम नाहीसे झाले. त्यांना कडाक्याची थंडी सोसत नाही, त्यामुळे उंची ठरावीक रेषेपलीकडे गेली की ते नसतातच. नकाशावर समोच्चरेषा काढून दाखवाव्यात तशी ती रेषा डोंगरावर दिसते. पुढे पिवळ्या गवताचं पठार लागतं आणि मग रस्ता व्हर्डे नदीच्या खोऱ्यात उतरतो.

तिथे पहिला मुक्काम माँटेझुमा कॅसल. नावावर जाऊ नका. ॲझ्टेक राजा माँटेझुमाचा या जागेशी कधीच काही संबंध नव्हता. गोऱ्या वसाहतवाल्यांनी समजून न घेता नाव दिलं आणि ते चिकटलं. चुनखडीच्या उभ्या कड्यात, जमिनीपासून सुमारे ९० फुटांवर, पाच मजल्यांचं आणि वीस खोल्यांचं घर बांधलेलं आहे. इसवी सनाच्या बाराव्या शतकापासून पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इथे सिनाग्वा लोक राहत होते. सिनाग्वा हे नावही पुरातत्त्वज्ञांनी दिलेलं, स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'पाण्याविना'. पण कड्याच्या पायथ्याशी तर ओढा वाहतो, बीव्हर क्रीक त्याचं नाव, आणि काठावर पांढऱ्या खोडाचे सिकॅमोर त्या दिवशी हळदीसारखे पिवळे झाले होते. हे लोक मका, घेवडा, भोपळा लावत, कापूस पिकवून कापड विणत. आजचे होपी लोक त्यांना आपले पूर्वज मानतात.

१९०६ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी याला राष्ट्रीय स्मारक केलं. पूर्वी शिड्या लावून लोकांना वर जाऊ देत, १९५१ पासून ते बंद झालं. बरंच झालं. मी खालच्या बाकावर बसून तासभर त्या खिडक्यांकडे पाहत होते. एका खोलीच्या छतातून बाहेर आलेली तुळईची टोकं खालूनही स्पष्ट दिसत होती. ती लाकडं कुणीतरी खांद्यावरून नेली असतील, पाठीला पोर बांधून कुणी बाई शिडी चढली असेल, पाण्याचा घडा घेऊन. आमच्याकडे गडावरच्या वाड्यांतल्या बायकांनी पाणी असंच वाहिलं.

दुपारी सेडोना. याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, तेव्हा थोडक्यात सांगते. लाल वालुकाश्माचे सुटे सुटे सुळके आणि बुरूज, बेल रॉक, कॅथीड्रल रॉक, कोर्टहाउस ब्यूट, आणि त्यांच्या पायाशी गाव. खडक सुमारे २७-२८ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा इथे समुद्रकाठची वाळू होती. वाळूच्या कणांवर लोहाच्या गंजाचं पातळ पुट चढलंय, त्याचाच हा रंग. आपला जांभा दगडही लोहामुळेच लाल होतो, पण जांभा दमट पावसाचं लेकरू, आणि हा वाळूचा. गावात गर्दी फार. ऊर्जेच्या जागा, रंगीत स्फटिक, त्यांची दुकानं रांगेनं होती. ज्यांना त्यात बरं वाटतं त्यांना वाटो, मला खडक पुरेसे होते.

गावाच्या नावाची गोष्ट मात्र आवडली. १९०२ साली इथे टपाल कचेरी हवी होती. श्नेब्ली नावाच्या गृहस्थांनी सुचवलेली नावं टपालाच्या शिक्क्यावर मावत नव्हती, इतकी लांब. तेव्हा त्यांच्या भावानं सुचवलं, वहिनीचं नाव द्या. वहिनीचं नाव सेडोना. दिरानं वहिनीचं नाव गावाला दिलं असं दुसरं गाव मला तरी माहीत नाही.

सूर्यास्ताला विमानतळाच्या मेसावर गेलो. मेसा म्हणजे स्पॅनिशमध्ये टेबल. आमच्या पाचगणीचं टेबललँडच, शब्दसुद्धा तोच. साडेपाचच्या आत सूर्य गेला. खडकांचा रंग आधी नारिंगी, मग पिकलेल्या जांभळासारखा, मग नुसत्या काळ्या आकृती. सेडोनानं रस्त्यांवरचे दिवे मुद्दाम मंद आणि झाकलेले ठेवलेत, अंधार जपला म्हणून २०१४ पासून त्याला आंतरराष्ट्रीय मान्यताही आहे. मुक्काम अर्ध्या तासावरच्या कॉटनवुडला होता. झोपण्यापूर्वी शाल गुंडाळून बाहेर आलो तर पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका इतका लख्ख की यांनी चष्म्याशिवाय मोजून दाखवला. नऊ वाजता मृग उगवला. अंगणात खाटेवर झोपायच्या दिवसांनंतर इतके तारे आम्ही पाहिलेच नव्हते.

दुसरा दिवस : शनिवार

सकाळी मोटेलच्या खोलीत चहा केला, चिवड्याचा डबा उघडला. खिडकीतून पश्चिमेला डोंगर दिसत होता आणि त्याच्या छातीवर, अगदी उभ्या उतारावर, घरांचा पुंजका. चष्मा पुसून यांनी बराच वेळ पाहिलं. "तिथे गाव कसं राहिलं असेल?" ते जेरोम. ज्याच्यासाठी खरं तर हे आले होते. निवृत्त होईपर्यंत चौतीस वर्षं यांनी वीज मंडळात काढली, पुढे त्याचं महावितरण झालं. रोहित्रांची वेटोळी, केबल, अर्थिंगच्या पट्ट्या, सगळं तांबं. ॲरिझोनाला तांब्याचं राज्य म्हणतात, अमेरिकेतलं बहुतेक तांबं इथल्या डोंगरांतून निघतं, हे जावयानं सांगितल्यापासून यांच्या मनात एकच होतं, तांबं जिथून निघतं ती जागा एकदा पाहायची.

आधी वाटेवरचं तुझिगूट पाहिलं. कालचंच तिकीट तिथेही चाललं. टेकडीच्या माथ्यावर सिनाग्वांचं आणखी एक गाव, ११० खोल्यांचं. बऱ्याच खोल्यांना दारंच नाहीत, छतातून शिडीनं आत उतरायचं. १९३० च्या दशकातल्या मंदीत सरकारनं बेकार माणसांना काम म्हणून याचं उत्खनन करवलं, आणि त्या माणसांत पुष्कळसे डोंगरावरच्या खाणीतून काम गेलेले होते. बहात्तरच्या दुष्काळातली आपली रोजगार हमीची कामं आठवली. माझ्या आजोळी तेव्हा खडी फोडायला अख्खा गाव होता.

टेकडीवरून खाली पाहिलं तर नदीच्या वळणात एक मोठं सपाट मैदान. मला वाटलं शेत असेल. तो खाणीचा टाकाऊ गाळ होता, धातू काढून घेतल्यावर उरलेला, कैक वर्षं इथे पाटानं आणून सोडलेला. आता त्यावर माती घालून गवत उगवलंय. शेजारच्या क्लार्कडेल गावात रुळांच्या कडेला खंगराचा काळा डोंगर आहे, भट्टीतून वितळून ओतलेला. १९१५ ला इथली भट्टी पेटली. जेरोममधली जुनी भट्टी थेट धातूच्या साठ्यावरच बसली होती, म्हणून ती खाली आणली. विल्यम क्लार्क या खाणमालकानं भट्टीच्या कामगारांसाठी आखून-रेखून हे गाव वसवलं, नाव स्वतःचं दिलं.

इथल्या जुन्या हायस्कूलच्या इमारतीत तांब्याच्या कलेचं संग्रहालय आहे. अर्धा तास थांबू म्हणून गेलो, पावणेदोन तास गेले. स्वयंपाकाची भांडी, साचे, किटल्या, पहिल्या महायुद्धातल्या तोफगोळ्यांच्या कवचांवर सैनिकांनी ठोकलेली फुलापानांची नक्षी. एका मोठ्या पातेल्याच्या पृष्ठभागावर हातोड्याचे ठोके दिसत होते, एकाला एक लागून, माशाच्या खवल्यांसारखे. माझ्या हातांना ते ठोके ओळखीचे होते. आमच्या माजघराबाहेर तांब्याचा बंब होता, सासूबाईंच्या लग्नात आलेला, पुण्याच्या तांबट आळीत घडवलेला. दर शनिवारी मी तो चिंचेच्या कोळानं आणि राखेनं घासायची. ठोक्यांच्या खळग्यांत बोट फिरवल्याशिवाय काळा डाग निघत नसे. वीस वर्षं त्या बंबावर हात फिरला माझा. नंतर गॅसचा गिझर आला आणि बंब माळ्यावर गेला. काचेपलीकडच्या त्या पातेल्यासमोर उभं राहून मी मनाशी ठरवलं, परत गेल्यावर तो खाली काढायचा.

मग चढ सुरू झाला. ८९अ नावाचा हा रस्ता जेरोममधूनच वर जातो. पसरणीचा घाट यांच्या हाताखालचा, त्यामुळे वळणांची भीती नव्हती, पण इथे वळण घेताना दरी उजव्या हाताला, आपल्या अंगाला येते. "अहो, हळू." "हळूच आहे गं." एवढं सोडून दोघंही गप्प होतो.

जेरोम सुमारे ५००० फुटांवर आहे. महाबळेश्वरहून पाचेकशे फूट जास्त. क्लिओपात्रा नावाच्या टेकडीच्या उतारावर घरं एकाच्या डोक्यावर एक अशी उभी आहेत, एका रस्त्यावरून खालच्या घराच्या पत्र्यावर सहज पाय ठेवता येईल. गल्ल्यांना जोडणाऱ्या पायऱ्या, काँक्रीटच्या ताली, मधेच एखाद्या घराच्या नुसत्या चार भिंती, छताच्या जागी आकाश. यांचा गुडघा दुखरा, म्हणून एकेका तालीवर बसत बसत गेलो. एका तालीवर बसूनच दशम्या खाल्ल्या. समोर सगळं व्हर्डे खोरं पसरलेलं, आणि पलीकडे क्षितिजावर सेडोनाचे कालचे लाल खडक, आता हाताच्या पंजाएवढे.

या डोंगरातले निळे-हिरवे दगड आधी इथल्या मूळच्या लोकांनी काढले, रंगासाठी. १५८३ मध्ये स्पॅनिश प्रवासी एस्पेहो इथवर आला, पण त्याला सोनं हवं होतं. १८७६ च्या सुमारास खाणीचे पहिले हक्क नोंदवले गेले, १८८३ ला युनायटेड व्हर्डे कंपनी उभी राहिली. यूजीन जेरोम नावाच्या न्यूयॉर्कच्या भांडवलदाराचं नाव गावाला मिळालं. १८८८ ला क्लार्कनं खाण घेतली. तो काळ पाहा. शहरांत वीज पोहोचत होती, टेलिफोनच्या तारा ओढल्या जात होत्या, आणि प्रत्येक तारेला तांबं हवं होतं. भरभराटीच्या दिवसांत गावात पंधरा हजार माणसं होती असं सांगतात. मेक्सिकन, आयरिश, इटालियन, क्रोएशियन, चिनी. मजुरी आणि सुरक्षिततेसाठी १९१७ च्या जुलैमध्ये संप झाला तेव्हा साठाहून अधिक कामगारांना पहाटे बंदुकीच्या धाकानं गुरांच्या वाघिणीत कोंबून कॅलिफोर्नियाच्या सीमेकडे नेऊन सोडलं. गावाच्या इतिहासातल्या दारूच्या गुत्त्यांच्या गोष्टी पाट्यांवर मोठ्या अक्षरात आहेत. ही गोष्टही तेवढ्याच मोठ्या अक्षरात हवी होती असं मला मनापासून वाटलं.

दुसरे खाणमालक जेम्स डग्लस यांची १९१६ ची हवेली आता राज्याचं संग्रहालय आहे. मातीच्या विटांची, खास तिथेच पाडलेल्या. आत वाफेवर खोल्या गरम करायची सोय, भिंतीतून नळ्या काढून केर ओढायचं यंत्र, संगमरवरी न्हाणी. बाहेरच्या खोलीत खनिजं मांडलेली. ॲझुराइटचा निळा, मॅलाकाइटचा हिरवा. माझ्या तोंडून निघून गेलं, "हा तर बंबाचा हिरवा." दोन आठवडे घासला नाही तर बंबाच्या कडेला जो हिरवट थर यायचा तोच रंग. तोच असणार, तांब्याची हवापाण्याशी तीच सोयरीक. इथला साठा मात्र सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी तयार झाला, ज्वालामुखीच्या तोंडाजवळून उकळतं खनिजपाणी वर येत राहिलं त्यातून. वाळवंटातल्या डोंगरावर उभं राहून समुद्रतळाचा दगड पाहायचा, यापलीकडे भूगोलाच्या शिक्षिकेला काय हवं.

तिथेच एक प्रतिकृती आहे, डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांची. वर इवलंसं गाव, आणि खाली मुंग्यांच्या वारुळासारखं जाळं, गावाच्या कितीतरी पट. हे तिच्यासमोर उभे राहिले ते हललेच नाहीत.

हवेलीच्या बाजूलाच ऑड्री नावाच्या विहिरीचा लाकडी सांगाडा आहे, १९१८ चा. याच्यावरून पाळणा सोडून माणसं खाली जात आणि खनिज वर येई. तोंडावर जाड काच बसवली आहे, काचेवर उभं राहून खाली पाहायचं. खोली १९०० फूट. दिवे लावलेत, ते थोड्या अंतरापर्यंत दिसतात, पुढे काळोख. मी काचेवर पाय ठेवला आणि लगेच मागे घेतला. हे मात्र गेले, मधोमध उभे राहिले, आणि मान खाली घालून पाहत राहिले. मागच्या माणसांना वाट हवी असेल म्हणून मी हाक मारली तर म्हणाले, "अप्पा."

अप्पा म्हणजे माझे सासरे. माझ्या लग्नाआधीच गेले, मी त्यांना पाहिलेलं नाही. पाटण तालुक्यातले. कोयनेचं काम सुरू झालं तेव्हा बोगद्यात भोकं पाडायच्या यंत्रावर लागले. शनिवारी घरी येत तेव्हा पापण्या पांढऱ्या असत, धुळीनं. नंतर खोकला लागला तो गेलाच नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी ते गेले तेव्हा हे सातवीत होते. हे सगळं मला तुकड्यातुकड्यांनी माहीत होतं. पण चाळीस वर्षांच्या संसारात यांनी कधी सलग सांगितलं नव्हतं. त्या लाकडी सांगाड्याशेजारच्या कट्ट्यावर बसून यांनी ते सांगितलं. अप्पा रात्री उशीला टेकून बसल्या बसल्या झोपत. आडवं पडलं की श्वास लागत नसे. आणि घरात तेव्हा वीज नव्हती. ज्या पाण्यापासून वीज होणार त्याचा बोगदा त्यांनी खणला, पण त्यांच्या डोळ्यांदेखत गावात दिवा लागला नाही. "मी मंडळात गेलो ते त्यामुळंच," हे म्हणाले. मला वाटत होतं, मार्क चांगले होते म्हणून.

मी काही बोलले नाही. थर्मासमधला चहा ओतून हातात दिला.

वर गावाच्या डोक्यावर पाच मजली इमारत दिसते, आता तिथे हॉटेल आहे. मूळचं ते खाणकंपनीचं रुग्णालय. तिकडे जायचं ठरलं होतं, पण यांनी नको म्हटलं आणि मीही आग्रह केला नाही.

खाली घसरलेला तुरुंग पाहिला. खरोखर घसरलेला. खाणीतल्या सुरुंगांनी डोंगर हादरत होता, भट्टीच्या धुरानं झाडं मेली होती, माती धरून ठेवायला मुळंच उरली नव्हती. गावाचा मधला भाग सरकू लागला आणि तुरुंगाची ती काँक्रीटची कोठडी मूळ जागेपासून २२५ फूट खाली येऊन बसली. कोयनेच्या भूकंपानंतर सरकलेल्या भिंती यांनी लहानपणी पाहिलेल्या. हे त्या कोठडीच्या कोपऱ्याला हात लावून पाहत होते, भेग किती रुंद आहे ते.

१९५३ मध्ये खाण बंद झाली. हजारोंच्या गावात पन्नास-शंभर माणसं उरली. घरं पाडून लाकूड-पत्रा विकून टाकावा असा काळ होता. पण राहिलेल्यांनी त्याच वर्षी इतिहास मंडळ काढलं, इमारती वाचवल्या, खाणीचं संग्रहालय उघडलं. पुढे साठ-सत्तरच्या दशकात कलाकार आले, स्वस्तात घरं घेऊन राहिले. आज वस्ती साडेचारशेच्या आसपास. जुन्या शाळेच्या वर्गांत चित्रकार आणि कुंभार काम करतात. आम्ही एका दुकानात शिरलो, तर काउंटरमागच्या पांढऱ्या केसांच्या आजी सांगत होत्या की त्यांचे वडील खाणीत होते आणि त्या स्वतः याच डोंगरावर जन्मल्या. यांनी त्यांना आपल्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, माझे वडीलही बोगद्यात होते. त्या काउंटरमागून बाहेर आल्या आणि दोन्ही हातांनी यांचा हात धरला. त्यांच्याकडून यांनी सुपारीएवढा तांब्याचा खडा घेतला, निसर्गात जसा सापडतो तसा, काळवंडलेला, एका बाजूला हिरवी किनार.

तिसरा दिवस : रविवार

सकाळी पुन्हा जेरोममधूनच वर मिंगस डोंगरावर चढलो. माथ्यावर पाटी आहे, ७०२३ फूट. कळसूबाईपेक्षा दीड हजार फुटांहून उंच, आणि आम्ही तिथे गाडीत बसून! पाइनचं दाट रान, सावलीत गारठा इतका की कानटोपी काढली. दोन दिवसांपूर्वी सग्वारोच्या उन्हात होतो हे खरं वाटेना. वाळवंटातला डोंगर असा असतो, हजार फुटांनी वेगळा मुलूख.

पलीकडे प्रेस्कॉट. इथले लोक 'प्रेस्किट' म्हणतात. हे अख्खं शहर कळसूबाईच्या शिखराएवढ्या उंचीवर वसलंय. १८६४ साली ॲरिझोना प्रदेशाची पहिली राजधानी इथे होती. न्यायालयासमोरच्या चौकात मोठी झाडं, हिरवळ, बाकांवर आमच्याच वयाची माणसं वर्तमानपत्रं घेऊन. आम्हीही तासभर बसलो. कुणी तरी येऊन विचारलं, कुठले तुम्ही. भारत म्हटल्यावर त्यांनी विचारलं, थंडी वाजत नाही ना. गावाबाहेर वॉटसन तलावाभोवती ग्रॅनाइटचे गोल गोल धोंडे रचून ठेवल्यासारखे आहेत, १४० कोटी वर्षांचे. हंपी पाहिलेल्याला त्याचं वर्णन करायला नको.

परतीला सोपा रस्ता सोडून आम्ही यार्नेलकडून आलो. त्या वाटेवर एक छोटा वाहनतळ आहे आणि तिथून डोंगरात जाणारी पायवाट. ३० जून २०१३ ला इथल्या वणव्यात प्रेस्कॉटच्या अग्निशमन दलाचे १९ जवान गेले. वीसजणांच्या तुकडीतला एकच वाचला. त्यांच्या स्मरणार्थ ही पायवाट, वाटेवर प्रत्येकासाठी एक पाटी. चढ यांच्या गुडघ्याला झेपणारा नव्हता. आम्ही पहिल्या पाटीपर्यंत गेलो, नाव वाचलं, वय वाचलं, आणि थोडा वेळ तिथे उभे राहिलो.

यार्नेलच्या उतारावरून खाली पाहिलं तर सपाट वाळवंट दूरवर पसरलेलं, आणि उन्हात पुन्हा सग्वारो. संध्याकाळी सातला चँडलर. नातू दारातच वाट पाहत होता.

सोमवारी सकाळी उठले तर हे सिंकपाशी उभे. लिंबाच्या फोडीला मीठ लावून तो खडा घासत होते. काळा थर निघून खालून गुलाबी तांबूस रंग वर येत होता, अगदी नव्या बंबासारखा. नातू खुर्ची ओढून शेजारी उभा राहिला, थोडा वेळ पाहिलं, मग खोलीत पळत गेला आणि आपल्या डब्यातले सगळे काळवंडलेले एक सेंट मुठीत घेऊन आला. यांनी दुसरं लिंबू चिरलं.